जास्तीचा दगड

सन १८८१. मोजणीदार तेव्हा साठीला टेकलेले आणि मी सत्तावीस वर्षांचा. ठाण्यात त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत माझं बिऱ्हाड होतं. मी मूळचा कल्याणचा, दगडकाम करणाऱ्या घरातला. ठाण्यात काम मिळत होतं म्हणून आलेलो. शाळा म्हणाल तर दुसऱ्या पुस्तकाला सोडली. तरी हे मी माझ्या हातानं लिहितोय, कोणाकडून लिहवून घेत नाही. कुठं चुकलं तर वाचणाऱ्यानं सरळ करून घ्यावं.

त्यांचं नाव गल्लीत कोणी घेत नसे. मोजणीदार म्हटलं की पुरे. पूर्वी सरकारी मोजणीच्या खात्यात होते. ती नोकरी कशी गेली ते त्यांच्याच तोंडून ऐकलेलं, खरं किती ते देव जाणे. साहेबानं सांगितलं, खाडीचा काठ किती लांब आहे तो मोजून आण. ह्यांनी साखळीनं मोजला आणि आकडा दिला. मग रात्रभर झोप नाही. साखळी सरळ पडते, काठ तर वाकडा आहे, मधले खाचखळगे राहिले की. दुसऱ्या दिवशी अर्ध्या साखळीनं मोजला. काठ लांब भरला. मग काठीनं मोजला, आणखी लांब. मग चिखलात बसून वितीनं मोजायला लागले. साहेब घोड्यावरून बघायला आला. म्हणाला, "झालं की नाही?"

"साहेब, काठ अजून वाढतोय."

"कागदावर एक आकडा लिही."

ह्यांनी लिहिलं, 'ज्याची जशी काठी.' त्याच दिवशी घरी आले ते कायमचे.

पण ह्याचं त्यांना दुःख नव्हतं. कोणी विषय काढला तर खुशीनं सांगत आणि शेवटी विचारत, "आता तूच सांग, मी खोटं काय लिहिलं?" मी म्हणायचो, "खोटं नाही, पण पगार खऱ्याचा नसतो, कामाचा असतो." त्यावर ते माझ्याकडे असे बघायचे जसा काही मी ठेचाळून पडलोय आणि मला अजून कळलेलं नाही.

अंगानं काडी. डोक्याला लाल पागोटं, ते मात्र टापटीप. कमरेला पानाची चंची. आत पान ना सुपारी. एक कोळसा, एक खडू आणि गेरूचा तुकडा. जिथं बसतील तिथं काढत. ओटा, भिंत, पाटाची मागची बाजू. ठाणे स्टेशनात गाडीची वाट बघताना एकदा त्यांनी कागदाची लांब पट्टी मधोमध दुमडली, परत मधोमध, परत मधोमध, दर वेळी त्याच अंगाला. मग उलगडून प्रत्येक घडी काटकोनात आणली आणि पट्टी बाकावर उभी केली. "बघ, किती वळली, पण कुठं स्वतःला आडवी गेली का?" आजूबाजूची माणसं बघायला जमली. गाडी आली आणि गेली. आम्ही दोघंही राहिलो. त्या दिवशी माझं कल्याणला जाणं बुडालं, ते वेगळंच.

त्यांच्या सगळ्या चित्रांचं मूळ एकच. एक नियम करायचा आणि तोच तोच लावत जायचा. सरळ रेघेचं त्यांना वावडं. दिवाळीत काकू, म्हणजे त्यांची बायको, अंगणात रांगोळीची साधी चौकट काढत. त्या आत वळल्या की हे बाहेर येत. रेघेचे तीन सारखे भाग करायचे, मधला भाग पुसायचा, तिथं छपरासारखे दोन उतार काढायचे. एका रेघेच्या चार झाल्या. त्या चारही सरळच आहेत, मग प्रत्येकीचं परत तेच. दुपारपर्यंत चौकटीला असे काटे फुटले की अंगणात पाय ठेवायला जागा नाही. रांगोळीचा डबा रिकामा.

काकू दारात येऊन म्हणाल्या, "अहो, माणसांना यायला वाट तरी ठेवा."

"पुरं होऊ दे की."

"कधी होणार पुरं?"

"होणार नाही."

"मग जेवून घ्या," काकू म्हणाल्या.

काकूंचं बोलणं एवढंच असे. त्या त्यांच्यावर रागावल्या असं मी पाहिलं नाही आणि त्यांचं कौतुक केलं असंही ऐकलं नाही. मला मात्र एक गोष्ट सारखी सांगत. दारातल्या तुळशीच्या कट्ट्याच्या कोपऱ्याला जमीन खचून काटकोनी खड्डा झालेला. त्यात पाणी साचे. "एवढा दगडवाला भाडेकरू घरात, आणि आम्ही चिखल तुडवतो." मी आज करतो, उद्या करतो म्हणायचो. माणूस स्वतःच्या घराचं काम शेवटी करतो, ही आमच्या धंद्याची जुनीच रीत.

आता बाळकुमची गोष्ट, जिच्यासाठी लिहायला बसलो.

बाळकुम तेव्हा खाडीकाठचं गाव. भातशेती आणि मिठागरं. गावदेवीच्या देवळापुढं फरसबंद अंगण होतं, पण मोठ्या उधाणाचं पाणी तिथवर चढे आणि चौकोनी फरश्या हलत, उचलत. तिथले पाटील माझ्याकडे आले. धिप्पाड माणूस, आवाज असा की गल्लीनं ओळखावा. म्हणाले, "जत्रेच्या आधी आईचं अंगण नवं करायचं हाय. परत हललं नाय पायजे."

मी दर काय, दगड कुठला हे बोलायला लागणार एवढ्यात ओट्यावरून आवाज आला, "चौकोनी लावशील तर परत हलेल."

मी म्हटलं, "मोजणीदार, हे माझं गिऱ्हाईक आहे."

"असू दे की. पाटील, इकडं या." आणि चंचीतून कोळसा निघाला. त्यांनी ओट्यावर तीन चौकटी काढल्या, दोन शेजारी आणि तिसरी त्यातल्या एकीच्या डोक्यावर. आमच्याकडे काटकोन बघायचं हत्यार असतं, त्याला गुण्या म्हणतात. तसाच आकार. "असे दगड घडव. सगळे एकाच मापाचे. एक दुसऱ्याच्या कुशीत अडकतो. पाणी कोणा एकाला उचलू शकत नाही."

हे खरं होतं. मला ते तेव्हाच पटलेलं, पण मी तोंडानं म्हटलं नाही. मी म्हटलं, "गुण्या दगडांनी चौरस अंगण भरत नाही. कडेला तुकडे राहतात. तिथं दगड फोडावा लागतो."

पाटलांचा चेहरा पडला. कारण आईच्या अंगणाची रीत अशी की सगळे दगड आधी घडवून देवळापाशी आणायचे, भगतानं हळदकुंकू लावून पुजायचे, आणि एकदा पुजले की त्यांना टाकी लावायची नाही. फुटका दगड आईच्या दारी चालत नाही. शिवाय आणखी एक. अंगणात देवीच्या दिव्याचा दगडी खांब उभा राहतो, बरोबर एका चौकटीच्या मापाचा, म्हणजे वीतभर लांब, वीतभर रुंद. त्याची जागा माणसानं ठरवायची नाही. दगड पुजून झाले की भगत उंबऱ्यातून नारळ सोडतो. तो गडगडत जाऊन जिथं थांबेल ती जागा.

"म्हणजे खांब कुठं येणार ते आधी ठाऊकच नाही," मी म्हटलं. "बोला आता."

मोजणीदारांनी विचारलं, "अंगण किती?"

"बत्तीस विती लांब, बत्तीस रुंद."

त्यांचा चेहरा उजळला. "बत्तीसचं निम्मं निम्मं करत गेलं की शेवटी एकच वीत राहते. मग नारळ कुठंही जाऊ दे. एक दगड फुटणार नाही आणि एक दगड उरणार नाही."

"आणि उरला तर?"

"उरला तर ही चंची पाटलांची. परत रेघ काढणार नाही."

आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. काकूंनी ऐकलं असावं. पाटील हसले, "मोजणीदार, आईच्या नावानं बोलताय, सांभाळा." ते म्हणाले, "आईच्याच नावानं बोलतोय."

मी काम घेतलं. माझं नाव पणाला लागलेलं म्हणून नव्हे. गुण्या दगड घडवायला कठीण, आतला कोपरा सुबक काढणारे हात ठाण्यात माझ्याशिवाय नव्हते, आणि हे मी आजही म्हणतो. पारसिकच्या डोंगरातला काळा दगड. महिने गेले. पडावात भरून खाडीनं बाळकुमला उतरवले. एकाचाही कोपरा उडाला नाही.

भगतानं दगड पुजले. जमीन मी आधीच सपाट करून तिच्यावर वीतवीतभर अंतरानं उभ्याआडव्या दोऱ्या ताणून चौकोनी घरं पाडली होती. सगळा गाव भोवती. भगत म्हणजे वाळलेला म्हातारा, पण डोळे तेज. उंबऱ्यात बसून नारळ सोडला. नारळ सरळ निघाला, मध्यावर आला, मला वाटलं बरं झालं. तिथून शेंडीवर अडखळून वळला आणि उजव्या भिंतीकडे गेला. भिंतीला लागून परत फिरला, आणि भिंतीपासून एक घर सोडून, पायरीच्या बाजूला, अगदी अडनिड जागी थांबला.

पाटील माझ्याकडे बघायला लागले. मी मोजणीदारांकडे. ते नारळाकडे बघत होते, लग्नात नवरा मुलगा आल्यावर बघतात तसे.

"पहिला दगड मधोमध," ते म्हणाले.

आता आमच्या धंद्यात फरशी भिंतीपासून सुरू होते. दोरी भिंतीला, पहिली ओळ भिंतीला, मग पुढं. मधून सुरू करणारा गवंडी मी पाहिलेला नाही, कारण मधे केसाएवढी चूक झाली की कडेला ती बोटाएवढी होते. मी म्हटलं, "हे माझ्या हातून होणार नाही."

"का?"

"माझ्या बापानं असं काम केलेलं नाही."

"तुझ्या बापाला नारळ लागला नव्हता," ते म्हणाले, आणि धोतर खोचून स्वतः दगड उचलायला गेले. दगड तसूभर हलला नाही, हे मात्र पागोट्यासकट खाली बसले. बायका फिदीफिदी हसल्या. पाटलांची बहीण, मिठाच्या पाट्या वाहून खांद्यांना घट्टे पडलेली बाई, पुढं झाली. दगड पोरासारखा कडेवर घेतला. "कुठं ठेवू, मोजणीदार? बोला. ह्या गवंड्याची वाट बघितली तर जत्रा जाईल."

मग मी पुढं झालो. माझा दगड दुसऱ्यानं बसवायचा, एवढी वेळ मी येऊ देणार नव्हतो.

त्यांनी खडूनं अंगणाचे चार चौक केले. "खांब ह्या चौकात आहे. त्याचं एक घर गेलं. बाकीच्या तीन चौकांचं काही गेलेलं नाही. ते तिघं जिथं एकमेकांना भेटतात, तिथं एक दगड असा ठेव की प्रत्येकाचं एकेक घर खाईल." मी ठेवला. "आता चौघांचंही एकेक घर गेलं. चौघं सारखे झाले. आता ह्या एका चौकाचे परत चार कर. गाऱ्हाणं तेच, फक्त चौक लहान."

"गाऱ्हाणं तेच, चौक लहान." हे वाक्य त्यानंतर मी इतक्या वेळा ऐकलं की गावातल्या बायका दगड देताना ते म्हणायला लागल्या. पाटलांची बहीण म्हणाली, "म्हंजे आमच्या घरासारखं. चार भाव वेगळे जाले, भांडान त्याच." मोजणीदार एवढे खूश झाले की तिला म्हणाले, "बाई, साहेबाला हे समजलं असतं तर माझी नोकरी राहिली असती."

पहिले दोन दिवस अंगण बघवत नव्हतं. एक दगड इथं, एक तिथं, कोणाचा कोणाला स्पर्श नाही. पाटील म्हणाले, "ही फरशी हाय का म्हशी बसल्यात?" मी दोरीला दोरी, गुण्याला गुण्या लावून प्रत्येक दगड तपासत होतो. मोजणीदारांचा नियम खरा असेल, पण दोरी माझी नसती तर तो नियम खाडीत गेला असता.

मग एका सकाळी बघतो तर राहिलेलं प्रत्येक भोक गुण्याच्या आकाराचं. सगळीकडे. जिथं बघावं तिथं माझ्या दगडाएवढी, माझ्या दगडासारखी जागा. मी हातातली थापी खाली ठेवून थोडा वेळ उभा राहिलो. उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी आली असेल.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचं भोक भरलं. दिव्याचा खांब आपल्या घरात उभा. एक चीर कुठं रुंद नाही, एक दगड फुटका नाही. पाटलांनी अंगणावर पाण्याची घागर ओतली, पाणी सगळीकडे सारखं पसरलं. ढोल वाजायला लागला.

तेवढ्यात भगत म्हणाला, "त्यो कोनचा?"

भिंतीला टेकून एक दगड उभा होता. हळदकुंकू लावलेला.

ढोल थांबला. मी लगेच म्हटलं, "तो माझा. काम कितीही असो, दगड एक जास्तीचा घडवायचा, ही आमच्या घरची रीत आहे. वाटेत एखादा फुटतो. या खेपेला फुटला नाही, म्हणून राहिला. मोजणीदारांचं गणित बरोबर आहे. अंगण भरलंय ते बघा की!"

पाटील म्हणाले, "भरलंय तर खरं. मोजणीदार, सोडा ते."

मोजणीदार त्या दगडापाशी जाऊन उभे होते. म्हणाले, "मी काय बोललो होतो? एक फुटणार नाही आणि एक उरणार नाही."

"अहो, पण मी जास्तीचा घडवला म्हणून उरला!" मी म्हटलं.

"मला विचारून घडवलास?"

"माझ्या धंद्यात मी कोणाला विचारत नाही."

"मग झालं तर. मीही माझ्या बोलण्यात कोणाला विचारत नाही."

चंची कमरेची सोडली आणि पाटलांच्या हातात ठेवली. पाटलांना ती घेववेना, टाकवेना. आईच्या नावानं दिलेला शब्द, आईच्या दारात. भगताकडे बघितलं तर तो मान खाली घालून बसलेला. मोजणीदार चालत ठाण्याला निघाले. जत्रेचा नारळही घेतला नाही.

मी भगताला विचारलं, "हा दगड गावाबाहेर नेता येतो?"

"आईनं ठेवला नाय म्हंजे तिला नको हाय. ने. टाकी लावू नको म्हंजे जालं."

मी संध्याकाळी तो गाडीत घालून घरी आणला. कोणाची समजूत काढायला नव्हे. माझ्या हातचा दगड बेवारशी पडलेला मला चालत नाही. मोजणीदार ओट्यावर बसलेले. पुढं स्वच्छ सारवलेली जमीन, आणि हात मांडीखाली दाबून धरलेले. काकूंनी ताट वाढून ठेवलेलं तसंच होतं. "जेवून घ्या," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता मी तुळशीच्या कट्ट्याच्या कोपऱ्याचा खड्डा साफ केला, खाली चुन्याचा थर दिला आणि दगड आत सोडला. बाजूनं माती ठोकली. टाकीला हात लावायची वेळ आली नाही. कट्ट्याच्या कोपऱ्याला तो असा बसला की जसा काही तिथलाच होता.

मोजणीदार तोंड धुऊन बाहेर आले आणि थबकले.

मी म्हटलं, "मोजणीदार, उरलेला दगड कुठाय?"

त्यांनी दगडाकडे पाहिलं. कट्ट्याकडे पाहिलं. वाकून सांध्यात नख घालून बघितलं, गेलं नाही. चंची तर बाळकुमला होती. हात उगाच कमरेशी गेला आणि परत आला.

काकू चुलीपासून उठून आल्या. त्यांनी पदराच्या टोकात धरून आणलेला कोळसा दगडावर ठेवला आणि आत गेल्या.

मोजणीदारांनी तो उचलला. दगडाच्या आतल्या कोपऱ्याला, त्याच अंगानं, एक लहान गुण्या काढला. तो काढल्याबरोबर बाकीच्या जागेचे आपोआप आणखी तीन गुण्ये झाले, सगळे एका मापाचे. एका दगडाचे चार. मग त्यांनी पागोटं नीट केलं आणि त्या लहानातल्या एकाच्या पोटात आणखी लहान काढायला घेतला.

मी म्हटलं, "ह्यात तर काही उरणार नाही ना?"

ते वर न बघता म्हणाले, "तू जास्तीचा घडवू नकोस म्हणजे झालं."